पळसाचा रंग कापडावर टिकतो का?

फाल्गुन आला की चंद्रपूर-गडचिरोलीचं रान पळसानं लाल-केशरी होतं. होळीला पळसफुलं उकळून रंग करणं आपल्याला नवं नाही. पण त्याच रंगाची ओढणी विकता येईल का, हे पाहायला आम्ही ऊर्जानगरच्या गटातल्या बायांनी चुली पेटवल्या.

रंग सहज निघतो, कापडावर टिकणं अवघड. सूत रंगाला स्वतःहून धरत नाही, मध्ये कोणीतरी लागतं. ते काम हिरडा आणि तुरटी करतात. हिरड्याचा तुरटपणा सुताला चिकटतो, त्याला तुरटी धरते आणि तुरटीला रंग.

एक किलो सुती कापड धुण्याच्या सोड्यात तासभर उकळून खळ काढा. 200 ग्रॅम हिरड्याची पूड रात्रभर भिजवून गाळा. त्या पाण्यात कापड चार-पाच तास ठेवा, न धुता पिळून वाळवा. मग कोमट पाण्यात 150 ग्रॅम तुरटी विरघळवून त्यात रात्रभर. वाळलेली फुलं कापडाच्या वजनाइतकी घ्या, तासभर उकळा, गाळा आणि कापड मंद आचेवर पाऊण तास हलवत राहा. भांडं स्टीलचं, आणि ते परत स्वयंपाकाला नाही. आरमोरीकडच्या टसरला हिरडा लागत नाही, नुसत्या तुरटीवर भागतं.

मोरचूद घालून रंग पक्का करा असं कोणी सांगेल. घालू नका, ते विषारी आहे आणि ते पाणी शेवटी नाल्यातच जातं.

आता खरी परीक्षा. रंगवलेली पट्टी अर्धी पुठ्ठ्याखाली झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवा. पळसाचा पिवळा तुरटी लावूनही उन्हात उतरतो. आपलं ऊन तर कोणाला सांगायला नको! म्हणून रोज अंगावर घ्यायच्या ओढणीला पळस नको, डाळिंबाची साल बरी. रसवाले ती फेकूनच देतात. काळपट करडा हवा असेल तर गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोन आठवडे ठेवा आणि हिरड्याचं कापड त्यात क्षणभर बुडवा. जास्त वेळ ठेवलं तर लोखंड सूत कुजवतं.

लाल रंगाचं विचाराल, तर पूर्वी विदर्भात त्यासाठी आलची, म्हणजे बारतोंडीच्या जातीच्या झाडाची, शेती व्हायची. रंग मुळांच्या सालीत. 1868 मध्ये जर्मनीत मंजिष्ठाचा लाल रंग कारखान्यात बनवायची वाट सापडली, आणि पुढे आलची शेती मोडली. आता रानातली बारतोंडी खणून तो लाल परत आणा, असं आम्ही म्हणणार नाही. मूळ काढलं की झाड गेलं. खैराच्या कातासाठीही झाडच पाडावं लागतं.

फुलं आणि हिरडे खाली पडलेलेच घ्या, तेही विचारून. 2006 च्या वनहक्क कायद्यानं गौण वनउपजावर रानात राहणाऱ्यांचा हक्क मानला. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. आमच्यासारख्या वसाहतीतल्या बायांनी अशा गावांच्या ग्रामसभेकडून हिरडा रोख पैसे देऊन घ्यावा आणि तो खर्च ओढणीच्या किमतीत धरावा. विकताना चिठ्ठी लावा: पहिल्यांदा वेगळी धुवा, साबण सौम्य, वाळवणं सावलीत.