व्हॉल्व्हचा गोडवा, ट्रान्झिस्टरचे बळ

१७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची शरणागती हैदराबादच्या नभोवाणीवरून जाहीर झाली. नांदेड-लातूरकडच्या ज्या मोजक्या घरांत ती थेट कानी पडली असेल, तिथले झाडून सगळे रेडिओ व्हॉल्व्हचे होते. दुसरे काही असणे शक्यच नव्हते. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला येऊन तेव्हा जेमतेम नऊ महिने झाले होते आणि ट्रान्झिस्टरचा रेडिओ बाजारात यायला १९५४ साल उजाडले.

पुढे हा ट्रान्झिस्टर शेतातल्या आखाड्यावर खुंटीला जाऊन बसला आणि व्हॉल्व्हचा थोरला रेडिओ आधी माळ्यावर, मग भंगारात गेला. आता काळाने कूस बदलली आहे. रशिया, स्लोव्हाकिया आणि चीनमध्ये व्हॉल्व्ह आजही तयार होतात आणि शौकीन मंडळी त्यासाठी चांगले पैसे मोजतात. मग वाद रंगतो, व्हॉल्व्ह श्रेष्ठ की ट्रान्झिस्टर? वाचकहो, या वादात पडण्यापेक्षा दोघांना एकाच घरात नांदवावे, हे उत्तम.

दोघांचे स्वभावच वेगळे. व्हॉल्व्ह दाब भरपूर देतो, पण प्रवाह थोडा. स्पीकरला हवा असतो नेमका प्रवाह. म्हणून निव्वळ व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरला मध्ये जड आणि महागडा आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागतो. एवढे करूनही ईएल ८४ हा एकटा व्हॉल्व्ह पाचेक वॅटच देतो. ट्रान्झिस्टर मात्र स्पीकरला हवा तेवढा प्रवाह थेट पुरवतो. तेव्हा कामाची वाटणी सरळ आहे. पुढच्या प्रीअॅम्प्लिफायरमध्ये नाजूक ध्वनिसंकेत वाढवायला ईसीसी ८३सारखा छोटा व्हॉल्व्ह आणि मागे स्पीकर हलवायला ट्रान्झिस्टर.

आपल्या हवेलाही हेच मानवते. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा खोलीत आणखी एक शेगडी कोणाला हवी? चार ईएल ३४ व्हॉल्व्हचे नुसते तंतू तापवायला सुमारे ३८ वॅट लागतात, ईसीसी ८३ला दोन वॅटही नाहीत. वीज गेली तर अशी जोडी इन्व्हर्टरवरही चालते. फक्त तो शुद्ध साइन लहरीचा असावा, नाहीतर गाण्यात घरघर मिसळते.

आता व्हॉल्व्हच्या गोडव्याचे गुपित. तंबोऱ्याची षड्जाची तार छेडली की तिच्यातून उपस्वर उमटतात. त्यातला पाचवा म्हणजे आपला स्वयंभू गांधार. दुसरा उपस्वर हा तोच स्वर, एक सप्तक वर. ट्रायोड जातीचा व्हॉल्व्ह आपल्या पदरचे जे काही मिसळतो, ते मुख्यतः या दुसऱ्या उपस्वराचे. म्हणून ते कानाला खुपत नाही. निकृष्ट ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायर मात्र सातव्या-नवव्यासारखे वरचे उपस्वर मिसळतो, आणि सातवा तर आपल्या कोणत्याच स्वराशी नीट जुळत नाही. चांगल्या बनावटीत हा दोष नगण्य असतो, हेही सांगितले पाहिजे. खरे तर ट्रान्झिस्टरच अधिक प्रामाणिक. व्हॉल्व्ह मूळ गाण्यात नसलेली चिमूटभर साखर घालतो. ती आवडावी, पण तिला सत्य समजू नये.

सोयरीक जुळवताना पत्रिका पाहावी लागतेच. ट्रान्झिस्टर अॅम्प्लिफायरचा आवक-रोध हा व्हॉल्व्हच्या जावक-रोधाच्या किमान दहापट असावा, नाहीतर आवाज दबतो आणि खर्ज विरतो. सुरू करताना व्हॉल्व्ह आधी, तो मिनिटभर तापला की मग ट्रान्झिस्टर. बंद करताना नेमके उलट. हा क्रम चुकला, तर स्पीकरला हिसका बसतो.

एक इशारा मात्र जिवाचा आहे. जुन्या रेडिओच्या पाठीवर पूर्वी ग्रामोफोनसाठी ‘पिक-अप’ची जागा असे. तिथे मोबाइल जोडून गाणी ऐकण्याची हौस अनेकांना होते. पण ‘एसी-डीसी’ प्रकारच्या रेडिओंत मेन्सचा ट्रान्सफॉर्मरच नसतो. त्यांच्या लोखंडी सांगाड्यात थेट घरची वीज उतरलेली असू शकते. अशा सेटला मोबाइल जोडणे म्हणजे उघड्या तारेला हात लावणे. इतर सेटमध्येही अडीचशे व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटर तो धरून ठेवतात. शिवाय कागदी कपॅसिटर इतक्या वर्षांत गळके झालेले असतात. तेव्हा आजोबांचा रेडिओ परस्पर सुरू करू नये आणि भंगारातही देऊ नये. जाणत्या कारागिराकडून तो आधी तपासून घ्यावा. असे कारागीर दिवसेंदिवस कमी होत आहेत, म्हणून हे काम लांबणीवर टाकू नये.

जोडी जमली की परीक्षा घ्यावी ती गाण्यानेच. नांदेडात जन्मलेल्या पं. नाथराव नेरळकरांचे एखादे ध्वनिमुद्रण लावावे, दिवे मंद करावेत आणि आवाजामागचा तंबोरा ऐकावा. त्यातला गांधार ऐकू आला, तर पैसे सत्कारणी लागले म्हणायचे. मग आत व्हॉल्व्ह किती आणि ट्रान्झिस्टर किती, ही मोजदाद दुसऱ्या कोणी करावी.