कुंपणाबाहेरचे पाणी

पाणपक्ष्यांसाठी एखादे तळे राखून ठेवावयाचे म्हणजे त्याची हद्द आखावी, शिकारीला बंदी करावी आणि रखवालदार नेमावा, एवढ्याने काम झाले अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. परंतु तळ्यात येणारे पाणी हद्दीबाहेरून येते आणि पक्षीही चरावयास हद्दीबाहेर जातात. म्हणून भोवतालची शेती बदलली की राखीव तळेही बदलते. राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानाची हकीकत या दृष्टीने बोधप्रद आहे.

सुमारे २९ चौरस किलोमीटरांचे हे पाणथळ मुळात माणसाच्या हातचे आहे. सखल भूमीत बांध घालून व कालव्याने पाणी आणून भरतपूरच्या संस्थानिकांनी ते बदकांच्या शिकारीसाठी तयार करविले. पुढे शिकार बंद झाली. १९८१ साली रामसर करारान्वये त्याची आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळांत गणना झाली व १९८५ मध्ये ते जागतिक वारसा ठरले.

या तळ्यांचा प्राण म्हणजे गंभीर नदीचा पूर. पावसाळ्यात तो अजान बांधात साठे व तेथून उद्यानात सोडला जाई. त्याबरोबर मासळीची असंख्य पिले येत. चित्रबलाक, बगळे आणि पाणकावळे पाण्यातील बाभळींवर घरटी बांधीत ती याच मासळीच्या भरवशावर. पाणी केवळ साचून भागत नाही. ते वेळेवर आणि अन्नासह यावे लागते.

पुढे नदीच्या वरच्या अंगाला, करौली जिल्ह्यात, पांचना धरण झाले. तिकडच्या शेतकऱ्यालाही पाण्याची गरज होतीच. २००४ साली उद्यानासाठी पाणी सोडण्यास शेतकऱ्यांनी विरोध केला आणि तळी कोरडी पडली. पाण्यावाचून पक्ष्यांच्या विणीचा हंगाम चुकतो. कोरड्या तळावर विलायती बाभूळ फोफावते आणि मग पाणी आले तरी पूर्वीची मोकळी उथळ जागा उरत नाही. पुढे गोवर्धन नाल्याचे पाणी नळांनी आणण्याची योजना २०१२ साली पुरी झाली. त्याने तहान भागते. परंतु शेतांतून व वस्त्यांतून वाहत आलेल्या त्या पाण्याला नदीच्या पुराची सर येत नाही.

दुसरे संकट शेतातील विषाचे. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस या उद्यानात काही सारस पक्षी मेलेले आढळले. तपासणीअंती त्यांच्या शरीरात आल्ड्रिन हे कीटकनाशक सापडले. भोवतालच्या शेतांत पेरणीच्या वेळी ते वापरीत असत आणि सारस त्याच शेतांत दाणे टिपावयास जात. त्यांना उद्यानाची हद्द ठाऊक नव्हती. पुढे या औषधावर भारतात बंदी आली.

यावरून शेती हीच पक्ष्यांची वैरीण, असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. भातखाचरांत सारस आजही घरटी करतो. बडोदे जिल्ह्यातील डभोई तालुक्याचा वढवाणा तलाव तर बडोदे संस्थानाने १९१० साली शेतीच्या पाण्यासाठीच बांधला. हिवाळी पाहुण्या बदकांमुळे २०२१ मध्ये त्यालाही रामसर करारातील स्थान लाभले. शेतासाठी साठविलेले पाणी पक्ष्यांनाही पुरू शकते, याचा हा ढळढळीत पुरावा होय.

प्रश्न वाटणीचा आहे. धरणाच्या पाण्याचा हिशेब मांडताना पीक, पिण्याचे पाणी व वीज यांची खाती असतात. तसे खालच्या पाणथळाचेही खाते आरंभीच मांडले पाहिजे. दुष्काळाच्या वर्षी ऐनवेळी मागावयास गेल्यास शेतकऱ्याने ते का द्यावे? त्याच्या पिकाचा तोटा होत असेल, तर तो भरून देणे हेही संरक्षणाचेच अंग आहे. तळ्याकाठचा पट्टा विनानांगरट ठेवावा व तेथे विषारी औषधे वापरू नयेत, असे आपण त्याला सांगतो. तेव्हा त्याचा खर्च त्याच्या एकट्याच्या माथी मारून चालणार नाही. राखीव तळ्याची खरी राखण कुंपणाबाहेरच्या या माणसाच्या हाती आहे.