रवंथ करत्या का बघ आदी

२०२२च्या मार्चमध्ये माझी गाय तिसऱ्या वेताला व्याली. कालवड झाली. खरवसाच्या वाट्या शेजारीपाजारी पोचवल्या आणि दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यात गेलो, तर गाय बसलेली. मान वळवून तोंड कुशीला लावलेलं. दमली असेल म्हणून कालवड तिच्याजवळ नेली. तिनं वासराकडं बघितलंसुद्धा नाही. कान हातात घेतले, तर गार पडलेले.

कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत अकरा वर्षं शिफ्ट करून मी गोठा घातला, त्याला तेव्हा जेमतेम सहा महिने झाले होते. आजारी जनावर म्हणजे तापलेलं जनावर, एवढंच मला ठाऊक. गरम तेल पाजावं म्हणून नळकांडं घेऊन निघालो, तेवढ्यात शेजारच्या काकी आल्या. त्यांनी गाईकडं नुसतं बघितलं आणि माझा हात धरला. “तोंडात कायबी वतू नगंस. गिळायची ताकद ऱ्हायली न्हाई तिला, फुप्पुसात जाईल. मी धरतो डोकं, तू डॉक्टरला फोन लाव.” मग आम्ही दोघांनी वैरणीची पोती तिच्या छातीला दोन्हीकडून लावली. आडवी पडली असती तर पोट फुगलं असतं.

डॉक्टरांनी मानेची शीर दाबून सुई घातली. कॅल्शियमची बाटली आधी कोमट पाण्यात धरली होती. एका हातात नळी, कानात स्टेथोस्कोप, दुसरा हात छातीवर. थेंब वाढवायचा, ठोका ऐकायचा, थेंब कमी करायचा. घाई केली तर औषधच हृदय थांबवतं, असं ते म्हणाले. बाटली अर्धी संपली तशी गाईच्या कातडीवरून थरथर फिरली. ढेकर आली. नाकपुडीवर दव आलं. तिनं शेण टाकलं, आणि तासाभरात ती मागचे पाय आधी टेकून उभी राहिली.

याला दुग्धज्वर म्हणतात, पण ज्वर त्यात नसतोच, उलट अंग गार पडतं. व्याल्यावर चिकातून कॅल्शियम इतकं ओढलं जातं की रक्तातलं एकदम उतरतं आणि स्नायू काम सोडतात. आमच्याकडं यात उसाचा वाटा असतो. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की गावोगावी वाडं, म्हणजे उसाचे शेंडे, येतं. स्वस्त, हिरवं, जनावर आवडीनं खातं. त्या वाड्यातलं ऑक्झलेट पोटातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. मी चार महिने गाईला वाड्यावर ठेवली होती. खनिज मिश्रणाची पिशवी महाग वाटली म्हणून आणली नव्हती.

त्या सकाळनं मला एक चुकीची गोष्ट शिकवली. वेळेत डॉक्टर आला, बाटली लागली, की जनावर उठतं, असा माझा विश्वास बसला. सहा महिने तो टिकला.

ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात लंपी हा गुरांचा त्वचारोग दिसला. सप्टेंबरात जनावरांचे बाजार बंद झाले, वाहतूक थांबली, गावोगावी मोफत लस सुरू झाली. शेळ्यांच्या देवीची लस गाईंना टोचत होते, कारण दोन्ही विषाणू एकाच कुळातले. माझ्या गोठ्यातही टोचली. पण अंगात ताकद तयार व्हायला तीन आठवडे लागतात आणि माझ्या गाईला मिळाले नऊ दिवस.

पहिली खबर दूध संस्थेच्या पावतीनं दिली. सकाळी नऊ लिटर घालणारी गाय सहावर आली. मी पेंड बदलल्याचा दोष धरला. संध्याकाळी काकी म्हणाल्या, “रवंथ करत्या का बघ आदी.” करत नव्हती. डाव्या भकाळीवर मूठ ठेवली तर एरवी मिनिटाला एक-दोनदा हाताला ढकलणारं पोट गप्प होतं. थर्मामीटर एकशे पाच. तिसऱ्या दिवशी मानेवर आणि कासेवर रुपयाएवढ्या गाठी उठल्या, पुढचे पाय सुजून खांबासारखे झाले.

डॉक्टरांनी सरळ सांगितलं, या विषाणूवर औषध नाही. ताप उतरवायचा, जखमा चिघळू द्यायच्या नाहीत, बाकी सेवा. ही सेवा म्हणजे काय, ते मला तेरा दिवसांत कळलं. कालवडीला लांब बांधायचं, तिचं आधी उरकायचं आणि मग आजारी गाईकडं जायचं, हात धुऊन परतायचं. पोटॅशियम परमँगनेटच्या गुलाबी पाण्यानं जखमा धुवायच्या, हळद आणि कडुलिंबाचा पाला खोबरेलात कालवून लावायचा, माश्यांसाठी कडुलिंबाचा धूर करायचा, कारण हा रोग मुख्यतः माश्या, डास, गोचिडं पसरवतात. पाण्याचं घमेलं तोंडापाशी धरायचं. कडवळाची कोवळी पानं हातानं भरवायची. बसली की दर काही तासांनी कूस बदलायची. तीनशे-चारशे किलोच्या जनावराची कूस बदलायला तीन माणसं लागतात, आणि रात्री दोन वाजता तीन माणसं आली. त्यांच्याही गोठ्यात गाई होत्या. येताना धुतलेले कपडे घालून आली, जाताना आमच्याच दारात पाय धुऊन गेली.

दहाव्या दिवशी तिनं चार घास वैरण खाल्ली. मी बायकोला हाक मारून दाखवलं. बाराव्या दिवशी श्वासाला घरघर लागली. गाठी आत श्वासनळीतही होतात. तेराव्या पहाटे ती गेली.

त्यानंतरचं काम लगेच उभं राहतं आणि ते टाळता येत नाही. पंचनामा होईपर्यंत जनावर हलवायचं नाही. कानातल्या पिवळ्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर वाचून लिहून घेतात, त्याच नंबरावर भरपाई. २०२२ मध्ये दुभत्या गाईला तीस हजार, बैलाला पंचवीस, वासराला सोळा मिळत. माझी गाय पंच्याऐंशी हजारांची होती. तरी ते तीस हजार आले म्हणून पेंडीची उधारी भागली, हे मी विसरणार नाही. बांधाला जेसीबीनं खोल खड्डा काढला, खाली-वर चुना टाकला. माती लोटायच्या आधी काकींनी तिच्या कपाळावर हळद-कुंकू लावलं आणि भाकरी ठेवली. बेंदराला बैलांना लावतात तसंच.

पुढचे आठ-दहा दिवस मी धारेच्या वेळी उठून गोठ्यात जात राहिलो. रिकाम्या दाव्याखाली शेण नव्हतं, झाडायला काही नव्हतं. संस्थेचं दहा दिवसांचं बिल आलं, त्यावर कपातच जास्त. गोठा मोडावा असं घरात दोनदा बोलणं झालं. मी जनावरासाठी रडतोय की बुडालेल्या पैशासाठी, असं एका पाहुण्यानं विचारलं. मला ते दोन्ही वेगळं करता येत नाही. तिच्या दुधावर घर चालत होतं, म्हणूनच ती घरातली होती.

कालवडीला लंपी झाला नाही. ती आता गाभण आहे, सातवा महिना चालू आहे. वाडं निम्म्यावर आणलंय, खनिज मिश्रण रोज घालतो. संध्याकाळी ती बसली की समोर पोतं टाकून बसतो आणि एका घासाला किती वेळा चावते ते मोजतो. पन्नास-साठ झाले की ठीक असतं. काल त्रेपन्न झाले, मग तिनं घास गिळला, आणि दुसरा वर आला.