विम्याची बाराखडी (लेखांक 9) : यादीबाहेरचे बालरुग्णालय

मागील लेखांकात आई-वडील आणि मुले यांना एकाच विमा रकमेखाली आणणाऱ्या ‘फ्लोटर’ पॉलिसीची रचना पाहिली. या लेखांकाचा विषय तिच्याच एका अडचणीच्या जागेचा आहे : मूल आजारी पडले, ज्या बालरोगतज्ज्ञावर घराचा भरवसा आहे त्याचे रुग्णालय विमा कंपनीच्या यादीत नाही, तर पॉलिसीचा उपयोग काय आणि किती?

विमा कंपनी, किंवा तिच्या वतीने दावे हाताळणारी मध्यस्थ संस्था (टीपीए), ज्या रुग्णालयांशी दरांचा करार करते त्यांना ‘नेटवर्क’ रुग्णालये म्हणतात, आणि तेथे बिलाची मान्य रक्कम कंपनी परस्पर चुकती करते, हेच ‘कॅशलेस’. यादीबाहेरच्या रुग्णालयात विमा संपत नाही. घरच्यांनी आधी पैसे भरायचे, मूळ बिले, डिस्चार्ज कार्ड आणि तपासण्यांचे अहवाल सादर करायचे आणि नंतर प्रतिपूर्ती मिळवायची, असा मार्ग उरतो. ‘यादीत नाही, म्हणजे क्लेम नाही’ हा सर्रास पसरलेला समज म्हणूनच चुकीचा आहे. यादीबाहेर गेल्यावर खरोखर हातचे जाते ते आधीच ठरलेल्या दराचे संरक्षण, आणि किती रक्कम मंजूर होईल याची आगाऊ कल्पना.

मुलांच्या बाबतीत ही उणीव अधिक बोचते. मोठ्या माणसाच्या मोतीबिंदूसाठी किंवा अँजिओप्लास्टीसाठी यादीतील चार रुग्णालयांतून एक निवडता येते. बालहृदयशल्यचिकित्सक किंवा मुलांच्या मूत्रपिंडविकाराचे तज्ज्ञ मात्र मोजक्या मोठ्या शहरांतच सापडतात. दुसऱ्या टोकाला, गल्लीतल्या बालरोगतज्ज्ञाचे आठ-दहा खाटांचे नर्सिंग होम असते. विमा नियमांतील व्याख्येप्रमाणे रुग्णालय एकतर कायद्यानुसार नोंदलेले असावे लागते, किंवा दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात किमान 10 आणि अन्यत्र किमान 15 खाटा, चोवीस तास पात्र परिचारिका व डॉक्टर, शस्त्रक्रियागृह असे निकष त्याने पुरे करावे लागतात. त्यामुळे दाखल करतानाच रुग्णालयाच्या नोंदणी प्रमाणपत्राची प्रत मागून घेणे शहाणपणाचे. डिस्चार्जनंतर ती मिळवताना हेलपाटे पडतात.

जानेवारी 2024 मध्ये जनरल इन्शुरन्स कौन्सिलने ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ ही व्यवस्था जाहीर केली. पूर्वनियोजित उपचार असल्यास दाखल होण्याच्या किमान 48 तास आधी, आणि तातडीचा प्रसंग असल्यास दाखल झाल्यापासून 48 तासांच्या आत कंपनीला कळवले, तर यादीबाहेरच्या रुग्णालयातही कॅशलेस मागता येते. मात्र दावा पॉलिसीच्या अटींत बसला पाहिजे, आणि रुग्णालयाचीही तयारी पाहिजे. ही दुसरी बाजूच लंगडी आहे. ज्या डॉक्टरला महिनोन्‌महिने कंपनीच्या पैशांची वाट पाहायची नाही, त्याच्यावर ही घोषणा काहीच बंधन घालत नाही.

पैसे कापले जातात ते कोठे, हे एका हिशेबाने दाखवता येईल. 2020 पासून सर्व कंपन्यांना विकावी लागणारी ‘आरोग्य संजीवनी’ ही प्रमाणित पॉलिसी खोलीभाडे विमा रकमेच्या 2 टक्के, पण दिवसाला जास्तीत जास्त 5,000 रुपये, इतकेच मानते. तीन लाखांच्या विम्यावर मुलाला 8,000 रुपयांच्या खोलीत पाच दिवस ठेवले, तर भाडे 40,000. डॉक्टरांच्या भेटी आणि शस्त्रक्रिया यांचा आकार 60,000. औषधे आणि तपासण्या 30,000. असे एकूण 1,30,000 झाले, असे मानू. भाड्यातील 25,000 मान्य होतात, पण कात्री तेथेच थांबत नाही : खोलीशी निगडित खर्चही त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, घटवला जाऊन 60,000 चे 37,500 उरतात. औषधे आणि तपासण्या पूर्ण धरल्या तरी बेरीज 92,500 होते, आणि त्यातून 5 टक्के सहभाग (को-पे) वजा जाता हाती 87,875 रुपये पडतात. यादीतल्या रुग्णालयातही ही वजावट होतेच. तेथे ती पूर्वमंजुरीच्या वेळी कळते, येथे मूल घरी आल्यानंतर.

त्याच्या जोडीला ‘वाजवी व प्रचलित आकार’ ही अट येते. त्या परिसरात तशाच सेवेला जो दर चालतो त्याच्याशी बिल जुळले पाहिजे, असा तिचा अर्थ. ज्या शस्त्रक्रियेचा तज्ज्ञ सगळ्या परिसरात एकच, तिचा ‘प्रचलित’ दर कोणाशी ताडून ठरवायचा, याचे उत्तर व्याख्येत नाही. दाव्यांचे वाद येथेच पेटतात.

नवजात बालकांचा प्रश्न तर याच्याही अलीकडचा. बहुतेक फ्लोटर पॉलिसी मूल तीन महिन्यांचे झाल्यावरच त्याला सामावून घेतात, आणि बालवयातला सर्वांत जड खर्च, म्हणजे अपुऱ्या दिवसांच्या बाळाला काचेच्या पेटीत ठेवण्याचा, त्या तीन महिन्यांतच येतो. प्रसूती आणि नवजात संरक्षण वेगळे घेतलेले नसेल किंवा नोकरीच्या समूह विम्यात पहिल्या दिवसापासूनची सोय नसेल, तर रुग्णालय यादीत आहे की बाहेर, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. जन्मजात व्यंगांतही बाहेरून दिसणारे आणि शरीराच्या आतले असा भेद केला जातो, आणि दुभंगलेल्या ओठासारखे पहिल्या प्रकारचे व्यंग अनेक पॉलिसींत वगळलेले असते.

राज्य शासनाच्या महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे गणित खासगी विम्याच्या उलट आहे. तेथे उपचार ‘अंगीकृत’, म्हणजे योजनेशी जोडलेल्या, रुग्णालयातच मोफत मिळतात; अन्यत्र भरलेल्या बिलाची प्रतिपूर्ती नाही. म्हणून पिवळ्या किंवा केशरी शिधापत्रिकेवर विसंबणाऱ्या कुटुंबाने मुलाला दाखल करण्यापूर्वी आरोग्यमित्राकडे, म्हणजे योजनेच्या मदतनीसाकडे, दोन गोष्टींची खातरजमा करायला हवी : रुग्णालय अंगीकृत आहे का, आणि नेमका तो उपचार तेथे योजनेत होतो का, कारण रुग्णालय यादीत असूनही एखादी विशेषशाखा नसते.

खासगी विम्यात दावा नाकारला किंवा अवाजवी कापला गेल्यास प्रथम कंपनीच्या तक्रार निवारण कक्षाकडे लेखी जावे लागते. 30 दिवसांत उत्तर न आल्यास किंवा उत्तराने समाधान न झाल्यास एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते; महाराष्ट्रात ही कार्यालये मुंबईत, ठाण्यात आणि पुण्यात आहेत. तेथे वाजवी दराचा वाद मांडताना त्याच शहरातल्या दुसऱ्या रुग्णालयाचे त्याच उपचाराचे लेखी अंदाजपत्रक जोडलेले असेल, तर ‘प्रचलित’ या शब्दाला निदान एक मापपट्टी मिळते.