'यू'वाचूनचा 'क्यू'

इंग्रजी वर्णमालेतील 'क्यू' हे अक्षर इतके परावलंबी मानले गेले आहे की, शब्दलेखन शिकणाऱ्या मुलास त्याच्यामागे 'यू' लिहिण्याचा दंडक बहुधा निरपवाद म्हणूनच सांगितला जातो. परंतु मोठा कोश चाळणाऱ्यास हा दंडक न जुमानणारे काही शब्द भेटतात, आणि त्यांची कुळकथा मनोरंजक आहे.

मुळात हा दंडक इंग्रजांच्या घरचा नव्हेच. प्राचीन इंग्रजीत राणीवाचक शब्दाचा आरंभ 'सी' या अक्षराने होत असे. 1066 साली नॉर्मनांचा अंमल बसल्यावर फ्रेंच वळणाच्या लेखनिकांनी लॅटिनमधील 'क्यू-यू'ची जोडी हळूहळू देशी शब्दांवरही लादली. फारसी अमदानीत दप्तराची भाषा पालटल्याचे ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकांस याचे नवल वाटू नये.

हा दंडक मोडणारे बरेच शब्द अरबीतून आलेले आहेत. अरबीत 'क' दोन. त्यांपैकी कंठाच्या अगदी तळातून निघणाऱ्या 'क'साठी पाश्चात्य पंडितांनी 'क्यू' राखून ठेवला, आणि म्हणून न्यायदान करणारा काझी, नमाजाची दिशा दाखविणारा किब्ला, स्तुतिपर दीर्घकाव्य कसीदा हे शब्द 'यू'वाचून कोशात शिरले. त्याच काझीला पूर्वीचे इंग्रज 'सी'ने किंवा 'के'नेही लिहीत. उच्चारात तो कंठ्य ध्वनी सामान्य इंग्रजाला साधत नाहीच. भेद उरतो तो केवळ कागदावर, आणि हा पंडिती हट्ट मला तरी लोभस वाटतो.

या शब्दांत माझ्या विशेष आवडीचा 'कनात'. मांडवाच्या कनातीशी त्याच्या अर्थाचे काही नाते नाही. डोंगरपायथ्याचे भूजल, कोणत्याही यंत्रावाचून, केवळ उताराच्या बळावर गावापर्यंत आणणारा, आणि खोदाई व साफसफाईसाठी ठिकठिकाणी उभ्या विहिरी ठेवलेला भुयारी कालवा, असा त्याचा अर्थ असून ही विद्या प्राचीन इराणात भरभराटीस आली. मलिक अंबरने खडकीत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, सतराव्या शतकाच्या आरंभी बांधविलेली नहर याच तत्त्वावरची होय.

इतर मुलखांचे नमुने थोडे. आर्क्टिक प्रदेशातील कस्तुरी-बैलाच्या अंगची मऊ आतली लोकर 'किव्हिउट'. आणि 'क्वर्टी' तर टंकयंत्राच्या वरच्या ओळीतील पहिली सहा अक्षरे जुळवूनच झालेला, त्याला ना धातू ना व्युत्पत्ती.

या अक्षराचा खरा भाव मात्र स्क्रॅबल खेळणाऱ्यांस ठाऊक. अमेरिकन वास्तुविशारद आल्फ्रेड बट्स यांनी वृत्तपत्रांतील अक्षरे मोजून या खेळाची योजना आखली. तीत 'क्यू'ची सोंगटी एकच, तिचे गुण 10, आणि 'यू'च्या सोंगट्या अवघ्या चार. 'यू' हाती न लागलेला खेळाडू म्हणून 'ची' या चिनी शब्दाचा आश्रय घेतो. प्राणशक्ती हा त्याचा अर्थ; 1958 मध्ये चीनने स्वीकारलेल्या रोमन लेखनपद्धतीत 'च'सारख्या ध्वनीला 'क्यू' दिल्यामुळे तो या पंक्तीत आला, आणि अवघ्या दोन अक्षरांत 11 गुण मिळवून देऊ लागला.