एका वाद्याचे हरवलेले नाव

अमेरिकेतील टेक्सस राज्याच्या डॅलस शहरी १९२७ च्या डिसेंबरात कोलंबिया कंपनीने ध्वनिमुद्रणाची तात्पुरती सोय केली होती. खेड्यापाड्यांतील गायक तेथे येत, त्यांतच वॉशिंग्टन फिलिप्स हा ४७ वर्षांचा कृष्णवर्णीय गायक होता. त्याची ख्रिस्ती भक्तिगीते साधी, जवळजवळ बोलल्यासारखी. परंतु त्यांच्या साथीला तारांचा जो मंजुळ झंकार होता, तसा कोणी ऐकला नव्हता. कंपनीच्या नोंदीत त्या वाद्याचे नावही नाही. साथ नावीन्यपूर्ण आहे, एवढाच मोघम उल्लेख आहे.

१९२९ पर्यंत त्याची १८ गीते मुद्रित झाली. त्यांपैकी १६ आज उपलब्ध आहेत. ख्रिस्ती धर्मातील पंथापंथांच्या वादांना कोपरखळ्या मारणारे त्याचे गीत विशेष गाजले. पुढे आर्थिक मंदीने ध्वनिमुद्रिकांचा धंदा बसला आणि फिलिप्सचा आवाज थांबला.

काही दशकांनी रसिकांनी त्या जुन्या तबकड्या पुन्हा ऐकल्या, तेव्हा दोन प्रश्न उभे राहिले: हा माणूस कोण, आणि हे वाद्य कोणते? झंकार ऐकून काहींनी ते डॉल्सिओला, म्हणजे पेटीसारख्या पट्ट्या दाबून वाजविण्याचे तंतुवाद्य, असे ठरविले. माणसाविषयीही तसेच झाले. त्याच नावाचा एक इसम १९३८ मध्ये ऑस्टिन येथील मनोरुग्णालयात क्षयाने मरण पावल्याची नोंद सापडली आणि तोच हा गायक, असे छापून येऊ लागले.

या समजुतीला २००२ च्या सुमारास धक्का बसला. मायकेल कॉर्कोरन हा पत्रकार टीग गावच्या परिसरात गेला. तेथील वृद्धांना आठवणारा फिलिप्स निराळाच होता. तो शेती करी, खेचराच्या गाडीतून उसाची काकवी विकी, प्रार्थनामंदिरांतून उपदेश करी आणि गात असे. तो वारला १९५४ मध्ये, जिन्यावरून पडून. दुसऱ्याच्या मरणाने हिरावलेली १६ वर्षे त्याला अशी परत मिळाली.

वाद्याचे नाव हाती यायला आणखी काळ लागला. टीगच्याच वृत्तपत्राच्या १९०७ सालच्या एका अंकात कॉर्कोरनला त्याचे वर्णन आढळले. सुमारे दोन फूट रुंद, तीन फूट लांब आणि सहा इंच खोल अशी एक पेटी. तिच्यावर व्हायोलिनच्या तारा. वादन दोन्ही हातांनी. आपल्याकडील स्वरमंडळावरून तिची थोडीफार कल्पना करता येईल. पेटी फिलिप्सने स्वतः बनविली होती आणि तिला तो ‘मँझरीन’ म्हणे. १९२८ च्या एका जाहिरातीतील छायाचित्रात मात्र त्याच्या हाती दोन तयार झिथर दिसतात. तेव्हा मधल्या वीस वर्षांत या वाद्याचे रूप पालटले असावे. २०१६ मध्ये त्याची गीते पुन्हा प्रसिद्ध झाली, ती वाद्याचे हे मूळ नाव मथळ्यात घेऊनच.

जाणकारांनी केवळ कानावर विसंबून तर्क बांधले. खरे उत्तर मात्र गावच्या जुन्या अंकात आणि म्हाताऱ्या शेजाऱ्यांच्या आठवणीत होते. अंक जपला गेला, म्हणून ते सापडले. आठवणींचे तसे नसते. सांगणारा आहे, तोवरच त्या विचाराव्या लागतात.