मोरांना दाणे टाकताय? आधी हे वाचा

पुण्याहून नगर रस्त्याने निघालं की कोरेगाव भीमा मागे पडतं, शिक्रापूर येतं आणि तिथून आत वळल्यावर शिरूर तालुक्यातलं मोराची चिंचोली. चिंचेची झाडं आणि शिवारात फिरणारे मोर ही या गावाची ओळख. कृषी पर्यटनासाठी इथे येणाऱ्यांना मोर जवळून बघायचा असतो, फोटो हवा असतो. मग हातातलं फरसाण, बिस्किट किंवा पोळीचा तुकडा मोरापुढे पडतो.

हेतू चांगला असला, तरी यातून मोराचं नुकसान होऊ शकतं. ते कसं?

मोर मुळात काय खातो?

धान्य, कोवळे कोंब, फळं, किडे, वाळवी, सरडे, लहान साप असं जवळपास सगळंच. जमीन उकरत, फिरत तो दिवसभर अन्न शोधतो. पावसाळा हा विणीचा काळ. लांडोर जमिनीवर अंडी घालते आणि साधारण 28 दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. वाढीसाठी त्यांना प्रथिनं लागतात, ती मुख्यतः किड्यांतून मिळतात. बिस्किटाने पोट भरतं, पोषण होत नाही.

काय टाकू नये?

- फरसाण, वेफर्स, चिवडा : जास्त मीठ पक्ष्यांना घातक असतं.
- बुरशी लागलेला मका किंवा शेंगदाणे : बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन हे विष पक्ष्यांचं यकृत निकामी करू शकतं.
- पेरणीतून उरलेलं बियाणं : त्याला अनेकदा कीटकनाशक चोळलेलं असतं. लाल-गुलाबी रंग दिसला, तर ते टाकूच नका.
- शिळा भात-पोळी : लवकर आंबते आणि कुत्र्यांनाही बोलावते.

मग द्यायचं तरी काय?

उन्हाळ्यात दाण्यांपेक्षा पाण्याची गरज मोठी. उथळ भांडं सावलीत ठेवा, रोज घासून पाणी बदला. दाणे द्यायचेच असतील, तर स्वच्छ ज्वारी-बाजरी मूठभर, तीही पसरून. एकाच जागी ढीग घातला की पक्ष्यांची गर्दी होते आणि विष्ठेतून रोग पसरतात. रस्त्याच्या कडेला तर कधीच नको, आणि हातातून भरवणंही नको. माणसाची भीती गेलेला मोर वाहनाला, कुत्र्याला आणि शिकाऱ्याला सहज सापडतो.

शेतकऱ्याचं काय?

पर्यटक संध्याकाळी घरी जातो, मोर शिवारातच राहतो. पेरलेलं बी, कोवळी रोपं, टोमॅटो, मिरची तो सोडत नाही. खाऊच्या आशेने मोर एकाच ठिकाणी जमले, तर शेजारच्या शेताला त्याची झळ बसते. गोव्यात 2016 मध्ये मोराला उपद्रवी ठरवण्याची चर्चा झाली होती, तीही पिकांच्या नुकसानीमुळेच. चिंचोलीसारख्या गावात मोर टिकलाय तो झाडांमुळे आणि त्याला सहन करणाऱ्या गावकऱ्यांमुळे. ही सहनशक्ती ताणायची नसेल, तर खाऊ घालण्यावर आवर हवा.

कायदा काय सांगतो?

मोर 1963 पासून राष्ट्रीय पक्षी आहे. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत त्याचं नाव आहे. त्याला पकडणं, मारणं किंवा विष घालणं हा गंभीर गुन्हा असून त्यासाठी तुरुंगवासाची शिक्षा आहे. जखमी मोर दिसला, तर स्वतः पकडू नका, वनविभागाच्या 1926 या हेल्पलाइनवर कळवा.

थोडक्यात, पाणी ठेवा, झाडं राखा आणि मोर लांबूनच बघा.